कल्याण, नाणेघाट, जुन्नर : एका जुन्या वाटेचा अभ्यास

'घाटी' हा शब्द मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. घाटावरून आलेला तो घाटी, इतकाच त्याचा मूळ अर्थ. परंतु चाळीत, लोकलच्या डब्यात, शाळेच्या मैदानावर तो ज्या सुरात उच्चारला जातो त्या सुरात अडाणी, गावंढळ, ओझी वाहणारा असे बरेच काही येऊन बसते. ज्या मित्राबरोबर मी हा प्रवास केला तो घाटकोपरचा, पण घराणे मूळचे जुन्नर तालुक्यातील ओतूरकडचे. हा शब्द त्याने लहानपणापासून ऐकला आहे. तो भूगोलाचा विद्यार्थी, मी प्राचीन इतिहासाचा. घाटाच्या वाटेने पूर्वी कोण आले, काय आले, हे केवळ पुस्तकातून न वाचता एकदा त्या वाटेने जाऊन पाहावे असे आम्ही ठरविले.

निघण्यापूर्वी थोडे घराजवळचे. मी मुलुंडला राहतो. आमच्या पश्चिमेला जे डोंगर दिसतात त्यांच्या पलीकडे, बोरिवलीच्या बाजूला, कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. ती सहलीची जागा म्हणून सर्वांना ठाऊक. पण तेथील शिलालेख वाचले तर देणगीदारांच्या नावांपुढे कल्याण, सोपारा, नाशिक, चौल अशी गावे येतात. मोठे चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी भावांनी कोरविले. एका लेखात तर कल्याणच्या आणि थेट पैठणच्या विहारांना दिलेल्या देणग्यांचाही उल्लेख आहे. साष्टी बेटावरील या डोंगरात पैठणचे नाव कोरले जाते, याचा अर्थ माणसे आणि पैसा या दोन ठिकाणांमध्ये जात-येत होता. तो कोणत्या वाटेने? त्याचे प्रमुख उत्तर कल्याण, नाणेघाट, जुन्नर असे आहे.

नोव्हेंबरातील एका पहाटे आम्ही मोटारसायकलवरून निघालो. ठाणे, भिवंडीचे वळण, कोनगाव हा भाग गोदामांचा व ट्रकांचा. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दुर्गाडीच्या पुलावर मात्र आम्ही थांबलो. खाली उल्हासची खाडी, भरतीचे गढूळ पाणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे. थोरल्या 'सारगानुस'च्या काळात ही रीतसर पेठ होती. पुढे ती 'सांदानेस'च्या ताब्यात गेल्यावर येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. सातवाहन आणि क्षहरात यांच्या झगड्याची ही छाया आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. बंदर कोणाच्या हाती, यावर घाटातील वर्दळ अवलंबून होती.

शहाड सोडले, रायत्याचा पूल ओलांडला आणि हवा बदलली. मुरबाडपर्यंत दुतर्फा भाताची खाचरे. कापणी होऊन गेलेली, खळ्यांवर झोडणी चाललेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. सरळगावला चहा घेतला. टोकावड्याच्या पुढे समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली, आणि त्या भिंतीच्या कडेवर आकाशात उंचावलेला 'नानाचा अंगठा'. मित्र म्हणाला, "लहानपणी एसटीतून हा दिसला की आई म्हणायची, आता घर आलं. मला मात्र वाटायचं, घर तर घाटकोपरला आहे."

वैशाखऱ्याच्या पुढे मोटारसायकल ठेवून आम्ही पायवाटेला लागलो. आधी सागाचे व ऐनाचे विरळ रान, मग कारवी, मग दगड. येथे माझ्या सोबत्याने विषय हाती घेतला. हा सारा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. कठीण थर आणि मऊ थर आलटून पालटून असल्यामुळे डोंगराला पायऱ्यांसारखे टप्पे पडले आहेत. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची सपाटी. जेथे एखादी चीर पाण्याने खोल कापत नेली तेथे नाळ तयार होते, आणि माणसाने त्या नाळेत पायऱ्या कोरल्या की घाट होतो. "निसर्गानं अर्धं काम केलं, उरलेलं घाट्यांनी," तो म्हणाला. मी हसलो, तो हसला नाही.

दोन-अडीच तासांच्या चढणीनंतर लेणे आले. हे भिक्षूंचे लेणे नव्हे. भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लांबलचक लेख आहे. 1828 मध्ये साइक्स यांनी तो प्रथम नजरेस आणला आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंक उलगडले. हा लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. काळ बहुतेकांच्या मते इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. प्रारंभी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य व लोकपाल यांना वंदन, आणि मग यज्ञांची व दक्षिणेची यादी : 1,700 गाई व 10 हत्ती, आणखी एका ठिकाणी 11,000 गाई व 1,000 घोडे, पुढे 24,400 कार्षापण. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांचे काही अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत : सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा सातकर्णी, आणखी काही कुमार.

हे अंक शब्दांत नव्हे तर चिन्हांत कोरले आहेत, आणि भारतात अंकचिन्हे इतक्या विपुलतेने एकत्र आढळण्याचे हे अगदी जुन्या उदाहरणांपैकी एक. त्यात स्थानमूल्य नाही, शून्य नाही. 24,400 लिहावयाचे तर वीस हजारांचे चिन्ह, चार हजारांचे चिन्ह, चारशेंचे चिन्ह अशी बेरीज मांडावयाची. मित्राने ती पद्धत वहीत उतरवून घेतली आणि म्हणाला, "ही तर हिशेबाची वही झाली."

त्याचे म्हणणे मला विचार करण्याजोगे वाटते. राणीने आपले दान राजधानीत नव्हे, या खिंडीत का कोरविले? पैठण येथून कितीतरी दूर. उत्तर असे दिसते की राज्यातील अधिकाधिक परके डोळे याच जागेवरून जात होते. बैलांचे तांडे, व्यापारी, भिक्षू, बंदरातून आलेले यवन, सर्वांना येथे दम घ्यावा लागे. दम घेणाऱ्याला वाचावयास सवड असते.

खिंडीच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असे जो तो सांगतो. तसे सांगणारा लेख मात्र कोठे नाही. रांजणाचा उपयोग पाण्यासाठीही झाला असेल. जकात घेतली जात असणे अगदी संभवनीय आहे, पण रांजणावर इतका भार टाकू नये असे मला वाटते.

माथ्यावर उभे राहून मित्राने एक गोष्ट दाखविली. कड्यावरून पश्चिमेला पडलेले पाणी उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळते; थोडे पूर्वेला पडलेले कुकडीतून घोड, भीमा, कृष्णा असे करीत बंगालच्या उपसागराला. पाणी येथे वाटले जाते, माणसे मात्र येथे एकत्र येत.

ही वाट ओसरत जाण्याची कारणे अनेक. शेवटचा धक्का रेल्वेचा म्हणता येईल. 1863 मध्ये दक्षिणेचा भोर घाट आणि 1865 मध्ये उत्तरेचा थळ घाट रुळांनी जोडला गेला. नाणेघाट दोहोंच्या मध्ये राहिला. पायऱ्यांच्या वाटेवर चाक चढत नाही, आणि पुढचा काळ चाकाचा होता.

दुपारी खाली उतरून आम्ही जवळच्याच माळशेज घाटाने मोटारसायकलवरून वर गेलो आणि ओतूरला मित्राच्या चुलत्यांकडे मुक्काम केला. अंगणात कांद्याच्या गोणी टेम्पोत चढत होत्या. टेम्पो रात्रीच माळशेज उतरून कल्याणच्या बाजाराला जाणार होता. चुलते म्हणाले, "तुम्ही मुंबईची माणसं डोंगर बघायला येता. आम्हाला तो उतरायचा असतो."

दुसऱ्या दिवशी जुन्नर पाहिले. गावाभोवतीच्या टेकड्यांत दोनशेंहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांच्या लेखांत इरिल, चिट, चंद या तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. घाटावर राहून दान देणारे परदेशी! मित्राने ती तिन्ही नावे वहीत लिहून घेतली आणि खाली कंसात 'घाटी' असे लिहिले.

ज्यांना ही वाट पाहावयाची असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर जावे. माळशेजमार्गे जाणारी एसटी कल्याणहून मिळते. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटच्या पायवाटेपाशी उतरावे. पाणी बरोबर घ्यावे आणि अंधार पडण्याच्या आत खाली यावे. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून काही जण त्यांवर खडू फिरवतात. तसे करू नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ती साध्या डोळ्यांनाही दिसतात.