शपथ आणि समुपदेशन : व्यसनमुक्तीचा मार्ग



घरातील कोणी दारूच्या आहारी गेला की त्याला चर्चमध्ये आणून क्रुसापुढे शपथ घ्यायला लावायची, ही आपल्याकडची रीत आहे. शपथ घेताना तो माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांतले अश्रूही खरे असतात. पण थोड्याच दिवसांत उसाचे बिल हाती येते किंवा भावकीत लग्न निघते, आणि शपथ मोडते. मग नुकसान दुहेरी होते. दारू सुटत नाही, आणि देवाची शपथ मोडली या शरमेने तो मिस्सालाही येईनासा होतो. घरचे म्हणतात, "याची श्रद्धाच कच्ची." आम्हांला मात्र वाटते की बहुतेक वेळा श्रद्धा कमी पडलेली नसते, शपथेनंतरचे काम करायचे राहिलेले असते. त्या कामात समुपदेशनाला मोठे स्थान आहे. आज आपण त्याचा विचार करू.

१. इच्छा असूनही का जमत नाही?

रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल आपली व्यथा मांडतो : जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही, आणि नको ते घडते. संत थॉमस अक्वायनस यांनी सवयीला जणू दुसरा स्वभावच मानले. वारंवार केलेली कृती मनात घर करते आणि पुढे आपल्यावरच हुकूम चालवते. ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथही (परिच्छेद १७३५) शिकवतो की सवय आणि अनावर आसक्ती यांमुळे माणसाची कृत्याबद्दलची जबाबदारी कमी होऊ शकते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली.

याचा अर्थ व्यसनी माणसाला सर्व माफ, असा नव्हे. मधुमेह झाला हा रुग्णाचा गुन्हा नाही, पण पथ्य पाळणे त्याच्याच हाती असते. तसेच आजार जडला म्हणून कोणाला हिणवू नये, परंतु उपचार घेण्याची जबाबदारी त्याची आहे, आणि त्याला तिथवर पोचवण्याची आपली.

२. आधी डॉक्टर

अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर शरीर बंड करते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ते बडबडतात. घरचे समजतात, बाहेरची बाधा झाली. ही बाधा नव्हे, हा जिवावर बेतू शकणारा आजार आहे. अशा माणसाला खोलीत कोंडू नका, बांधून ठेवू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या. प्रार्थना वाटेतही करता येते.

दुसरी सूचना : "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींना भुलून जेवणात औषध कालवू नका. काही औषधे पोटात असताना वर दारू गेली तर रक्तदाब कोसळून प्राणही जाऊ शकतो. शिवाय फसवून दिलेल्या औषधाने घरातला विश्वास उरत नाही.

३. समुपदेशक काय करतो?

औषधाने शरीर सावरते, पण पिण्याची कारणे मनात तशीच असतात. समुपदेशक उपदेश करीत नाही. उपदेश तर त्या माणसाने बायकोपासून आमच्यापर्यंत सर्वांचा ऐकलेला असतो. समुपदेशक प्रश्न विचारतो आणि ऐकून घेतो. दारूने काय दिले, काय नेले, हे त्या माणसाच्याच तोंडून येऊ देतो. कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणत्या भावनेतून तलफ येते, हे दोघे मिळून शोधतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा विशेष जपायच्या असतात. मग बेत ठरतो : बाजारच्या दिवशी कोणत्या रस्त्याने यायचे, पैसे कोणाच्या हाती द्यायचे, मित्राने आग्रह केला तर काय बोलायचे. पुन्हा पाय घसरला तर "सगळे संपले" असे न म्हणता, कुठे घसरला हे पाहून पुन्हा उभे राहायचे असते.

काहीजण विचारतात, "फादर, प्रायश्चित्त संस्कार असताना समुपदेशकाची काय गरज?" संस्कारात परमेश्वर पापांची क्षमा करतो आणि बळ देतो. समुपदेशनात त्या बळाने रोज चालायचे कसे, हे शिकायचे असते. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

४. या वाटेने गेलेले

अमेरिकेतील अॅक्रन शहरात १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ दोन मद्यासक्तांच्या भेटीतून सुरू झाली. तिथल्याच सेंट थॉमस रुग्णालयात १९३९ पासून सिस्टर इग्नेशिया यांनी अशा रुग्णांना जागा दिली. घरी जाणाऱ्याला त्या येशूच्या पवित्र हृदयाचे पदक देत आणि सांगत, पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हे परत आणून द्या. त्यांनीही शब्द घेतला, पण सोबत परतीचे दार उघडे ठेवले.

आपल्या महाराष्ट्रात १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले धर्मगुरू. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभारले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य केले. तिथे रुग्ण सुमारे पाच आठवडे राहतो, आणि समुपदेशकांपैकी अनेकजण स्वतः एकेकाळचे रुग्ण आहेत. घरी गेल्यावरही पाठपुरावा चालू राहतो, आणि पत्नींसाठी वेगळा आधारगट आहे.

५. कुटुंबाचे काम

पत्नी त्याची उधारी फेडते, कामावर "ताप आलाय" असा निरोप धाडते, शेजाऱ्यांपासून सर्व लपवते. हे ती प्रेमापोटी करते, पण त्याने आजाराला आसरा मिळतो. म्हणून समुपदेशन घरच्यांनाही हवे. तो यायला तयार नसेल तर त्यांनी आधी जावे. मात्र घरात मारहाण होत असेल तर ती क्रूस म्हणून सोसत राहू नये. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे आणि मदत मागावी.

योहानाच्या शुभवर्तमानात (११:३८-४४) प्रभू येशू लाजरला कबरेतून हाक मारतो. लाजर जिवंत होऊन बाहेर येतो, पण त्याचे हातपाय अजून गुंडाळलेले असतात. ती बंधने सोडण्याचे काम प्रभू जवळ उभ्या असलेल्या माणसांना सांगतो. जीवन देणारा तोच. गाठी सोडायला मात्र त्याने डॉक्टर, समुपदेशक, पत्नी, भाऊ आणि हा धर्मग्राम यांना बोलावले आहे. म्हणून शपथ मोडलेल्या बांधवाला आमचे सांगणे आहे : मिस्साला या. कोणी तुम्हांला हिशेब विचारणार नाही.

मदतीसाठी : व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस' १४४१६. दोन्हींवर फोन विनाशुल्क आहे. चर्चमध्ये येऊन भेटलात तरी गुप्तता पाळली जाईल.

घरी विचार करण्यासाठी :
१. आपल्या घरात आपण आजार लपवतो, की उपचारासाठी हात पुढे करतो?
२. शपथ मोडलेला शेजारी चर्चमध्ये आला तर आपली नजर त्याला काय सांगते?
३. या आठवड्यात कोणाची एक गाठ सोडायला आपण मदत करू शकतो?