भावनेला शब्द नसतो तेव्हा

आमच्या काउंटरवर येणारे एक निवृत्त गृहस्थ पत्नीच्या निधनापासून फक्त पोटाची तक्रार सांगतात. वाईट वाटते का, असे विचारले तर गोंधळतात. अशाच रुग्णांविषयी बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७३ च्या निबंधात 'अलेक्सिथायमिया', म्हणजे भावनेला शब्द नसणे, ही संज्ञा वापरली. हा रोग नव्हे, मनाची घडण आहे. परंतु जे ओळखता येत नाही ते माणूस टाळू लागतो. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करण्यास मनाई केली. अस्वल येतच राहिले. मनाई उठल्यावर तर, मुळात मनाई नसलेल्यांपेक्षाही अधिक आले! आपण मात्र शोकाकुल माणसाला 'विसरून जा' असेच सांगतो. मीही त्या गृहस्थांना तेच सांगितले होते. हल्ली विचारतो, दुखते नेमके केव्हा? परवा म्हणाले, "संध्याकाळी, चहाच्या वेळी."