रात्रपाळीचा दिवस आणि रजेचा हिशेब

शिरूर-दौंडकडची आपली कितीतरी मुले रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत पाळीने जातात. हजेरी, पगार, रजा सारे आता संगणकावर. पण त्याला जसे सांगावे तसेच तो मोजणार!

रात्री १० ला चढलेला कामगार सकाळी ६ ला सुटतो. तारीख बदलली तरी कायद्याने दिवस एकच. बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. संगणकाने बाराला दिवस तोडला, तर दोनच तास दिसून गैरहजेरी लागते.

वीस दिवस कामाला एक भरपगारी रजा. १९४८ च्या कारखाने कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत १८० पुरतात. समजा, काम १६० दिवस, ले-ऑफ २५. पात्रतेला १८५ धरतात, रजा मात्र १६० वरच, म्हणजे आठ दिवस. अशात सहा रात्री बुडाल्या तर १७९ च भरतात आणि सगळ्या रजेवर पाणी! वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्या गळीत हंगामाचे नव्हे.

काट्याची पावती आपण दोनदा वाचतो. मुलाची पगारपावतीही वाचा. रजा जुळेना तर पाळीपत्रक घेऊन त्याला टाइम ऑफिसात पाठवा.