आधी तास, मग परदेश

नंदुरबार जिल्ह्यातून अजून एकही प्रवासी विमान उडत नाही. तरीही पायलट व्हायचं ठरवलेली मुलं-मुली आता शहादा, तळोदा, नवापूरमध्ये भेटतात. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं, शिरपूरलाही प्रशिक्षण संस्था आहे. कुणाचा मामेभाऊ तिथं शिकलेला असतो, कुणाच्या शेजारची मुलगी अमेरिकेत शिकून आलेली असते. या मुलांच्या हाती सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, आला की काही महिन्यांनी मला फोन येतो. “दादा, इथं काही जमत नाहीये. परदेशात प्रयत्न करू का?”

पहिल्या नोकरीसाठी जाऊ नका, असं माझं उत्तर आहे. पुढे जरूर जा. मी दोन्ही वेळा गेलो आहे, म्हणून कारणं नीट सांगतो.

मी शहादा तालुक्यातला. आबांनी वावर तारण ठेवलं, सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला, तेव्हा माझे उड्डाणाचे २०० तास पूर्ण झाले. परवाना आला २०१२ च्या हिवाळ्यात. त्याच ऑक्टोबरात किंगफिशरची उड्डाणं कायमची थांबली होती. जेट विमानांवर काम केलेले को-पायलट नोकरी शोधत होते, मग २०० तासवाल्याचा अर्ज कोण वाचणार? हप्ते मात्र सुरू झाले होते.

आमच्या बॅचमध्ये तेव्हा बोत्स्वानातल्या मौन या गावाचं नाव रोज निघायचं. तिथली ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही, वाळवंटाच्या काठावर पसरून जिरते. त्या पाणथळ प्रदेशातल्या पर्यटकांच्या बहुतेक तळांवर छोट्या विमानांनीच जावं लागतं. सेसना २०६ आणि कॅरॅव्हॅन दिवसभर ये-जा करतात. कमी तासांच्या पायलटला खरोखर घेतात अशा जगातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. पण ईमेलवर अर्ज पाठवून तिथं भागत नाही, प्रत्यक्ष जाऊन हँगरच्या दारात उभं राहावं लागतं. मी गेलो.

तिथं दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, युरोपातून आलेले पायलट आधीच रांगेत होते. अनेकांनी मातीच्या पट्ट्यांवर विमान उतरवलेलं होतं. मी शिकलो डांबरी धावपट्टीवर. मौन समुद्रसपाटीपासून सुमारे ९४० मीटरवर आहे. त्यात कडक ऊन, म्हणजे हवा विरळ. भरलेलं विमान उचलायला जास्त धाव लागते. उतरण्याआधी पट्टीवर हत्ती किंवा हरणं नाहीत ना, हे वरून फेरी मारून बघावं लागतं. हे सगळं शिकता येतं आणि मी शिकायला तयार होतो. एका कंपनीच्या चीफ पायलटने मला सोबत उडवून पाहिलं, काम आवडलं असंही सांगितलं. पण परदेशी माणूस घ्यायचा तर त्या जागेला देशातला माणूस मिळत नाही, हे कंपनीला दाखवावं लागतं. त्या हंगामात स्थानिक पायलट मिळाला आणि माझा विषय संपला. यात मी कुणाला दोष देत नाही. आपल्या देशातही परदेशी पायलटला एफएटीए नावाची तात्पुरती परवानगीच मिळते.

खरा फटका परतल्यावर बसला. क्लास वन मेडिकल दरवर्षी करावं लागतं, उपकरणांच्या आधारे उडण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंगही वर्षभरच चालतं. माझ्या दोन्हींची मुदत उलटून गेली होती. पुन्हा विमानाचे तास विकत घ्या, पुन्हा चेक फ्लाइट द्या, तेव्हा कुठे परवाना कामाचा झाला. परदेशात वाट पाहण्यात गेलेला काळ लॉगबुकात शून्य दिसतो आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच रिकाम्या पानांवर येतो.

परदेशी नोकरीचा विचार करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात: परवाना, काम करण्याचा हक्क आणि तास. त्यातली एक नसली की बाकी दोन्ही निरुपयोगी.

परवान्याचा नियम १९४४ च्या शिकागो करारातच आहे. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना पायलटकडे हवा. विमानावरच्या अक्षरांवरून देश कळतो. व्हीटी म्हणजे भारत, ए६ म्हणजे संयुक्त अरब अमिराती, एन म्हणजे अमेरिका. डीजीसीए, म्हणजे आपल्या देशाची विमान वाहतूक नियामक संस्था; तिच्या सीपीएलवर तुम्ही व्हीटी विमान उडवू शकता. इतर कुठे जायचं तर तिथली परीक्षा, तिथलं मेडिकल, तिथली चेक फ्लाइट. युरोपात परवाना हवा असेल तर एटीपीएलच्या, म्हणजे सीपीएलच्या वरच्या परवान्याच्या, थिअरीचे १३ पेपर आहेत.

काम करण्याचा हक्क ही परवान्यापेक्षा अवघड गोष्ट. अमेरिकेत शिकणारी आपली अनेक मुलं एम-१ व्हिसावर जातात. तो शिक्षणाचा व्हिसा आहे. त्यात शिक्षणानंतर प्रत्यक्ष सरावासाठी जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. अमेरिकेचा परवाना हातात असला म्हणजे अमेरिकेत नोकरी करता येते, असा समज घरोघरी आहे. तो खोटा आहे.

आणि तास. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने नियम कडक केले. २०१३ पासून तिथं प्रवासी विमान कंपनीत को-पायलटलाही साधारण १,५०० तास लागतात. विमानविद्येच्या पदवीधरांना आणि लष्करी पायलटांना थोडी सूट आहे. आखातातल्या मोठ्या कंपन्या थेट भरतीत जेटचा अनुभव मागतात. २०० तास घेऊन या दारांवर उभं राहण्यात अर्थ नाही.

नेमकी इथंच दलालांची दुकानं चालतात. “आम्ही परदेशी कंपनीत एअरबसवर ५०० तास मिळवून देतो, इतके लाख भरा.” म्हणजे पगार घ्यायचा सोडून आपणच पैसे मोजून प्रवाशांचं विमान उडवायचं. माझ्या बॅचमधल्या एकाने दुसरं कर्ज काढून असे पैसे भरले. कबूल केलेल्या तासांपैकी थोडेच मिळाले, मग कंपनीने करार थांबवला. पैसे परत आले नाहीत. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी घेता येतो. एजंटचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येतं. नाव सापडलं नाही तर तिथंच थांबा. नोकरी देणारी कंपनी नोकरीचे पैसे मागत असेल तरीही थांबा.

मग करायचं काय? परवाना जिवंत ठेवा. मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहा, महिन्याला थोडे का होईना तास उडा. मी परतल्यावर असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घेतलं. पगार थोडा होता, पण दुसऱ्याला शिकवताना आपलं उडणं सुधारतं आणि तासांचे पैसे भरावे लागत नाहीत. चार्टर आणि छोट्या शहरांना जोडणाऱ्या कंपन्यांकडेही अर्ज करत राहा. टाइप रेटिंगला, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाला, काही लाख घालण्याआधी त्या विमानाची भरती आज खरोखर चालू आहे का, हे त्या कंपनीतल्या दोन को-पायलटांना विचारा. देशातली मागणी खोटी नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. पण त्याच वर्षी डीजीसीएने १,६०० हून अधिक सीपीएल दिले, आणि मे महिन्यात गो फर्स्टची उड्डाणं थांबली. भरती लाटांनी येते. लाट येईल तेव्हा ज्याचे कागद चालू असतील, त्याचाच नंबर लागतो.

मलाही शेवटी इथल्याच कंपनीने घेतलं. पुढे १,५०० तास झाले, एटीपीएल मिळालं, जेटचा अनुभव जमला. मग आखातातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिकीट त्यांचं, हॉटेल त्यांचं, तिथल्या परवान्याचा आणि व्हिसाचा खर्चही त्यांचाच. मौनला मी सगळं स्वतःच्या पैशाने करत होतो. माणूस तोच होता, फक्त लॉगबुक बदललं होतं. तिथं काही वर्षं चांगलं काम केलं, आबांच्या सातबाऱ्यावरचा बोजा त्याच पगारातून उतरला. इथली नोकरी सोडून जाताना नोटीसचा काळ मात्र ध्यानात ठेवा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष आधी सांगावं लागतं, म्हणून परदेशी कंपनीकडून रुजू होण्याची तारीख तशीच मागून घ्या.

एखाद्याला आफ्रिकेतच जायचं असेल तर मी अडवत नाही. तिथलं उडणं माणसाला पक्कं करतं. पण परतीचं तिकीट आणि राहण्याचा खर्च कर्जाबाहेरचा असावा, मेडिकल निघण्याआधी नवं करून घ्यावं, आणि परत यायची तारीख घरी सांगून निघावं. ती तारीख आली की यावं.

आई-वडिलांनाही सांगायचं आहे. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज पायलटच्या पगारातून फिटतं. नोकरी विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज फिटत नाही, कारण त्यातून नोकरीच मिळत नाही. “अमक्याचा मुलगा दुबईला गेला” हे गावात ऐकून मुलाला घाई करू नका. त्याला अजून दोन-तीन वर्षं लागतील हे धरून चला, आणि तो इन्स्ट्रक्टर म्हणून थोड्या पगारावर शिकवत असेल तर त्याला कमी लेखू नका. तो तास कमावतोय. आणि मुला-मुलींनो, १,५०० तास झाले की परदेशाचा विचार जरूर करा. तेव्हा पुन्हा फोन करा. कोणत्या देशाचा परवाना आधी काढायचा, ते आपण बसून ठरवू.