प्रक्षेपण : कागदावरचे आणि मनातले

प्रक्षेपण हा शब्द आपणांस तीन विषयांत भेटतो. तांत्रिक रेखाचित्रात घनवस्तू कागदावर उतरताना खोली हरवते. म्हणून आपण ती समोरून, वरून आणि बाजूने रेखाटतो. नकाशात गोल पृथ्वी सपाट होते. मर्केटरने १५६९ साली योजलेल्या प्रक्षेपणात होकायंत्राची दिशा सरळ रेषेने दाखविता येते. पण आफ्रिकेच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याएवढे ग्रीनलँड तिच्याइतकेच विशाल भासते. मानसशास्त्रात प्रक्षेपण म्हणजे स्वतःचा नाकारलेला दोष दुसऱ्यावर लादणे. पहिल्या दोहोंचे नियम लिखित असल्याने विकृती मोजता येते. तिसऱ्याचा नियम मनातच दडलेला असतो. धम्मपदातील मलवग्गही परदोषदृष्टीविषयी सावध करतो. म्हणून कोणावरही हीनतेचा शिक्का मारण्यापूर्वी आपण प्रथम आपले चित्त तपासू या.