भाषेचे घरटे : माओरी लोकांचा वारसा आणि प्राथमिक शाळा

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या सामाजिक अभ्यासासाठी व शिक्षकांच्या स्वाध्याय मंडळांसाठी)

पाठाचे प्रयोजन

जगातील निरनिराळ्या लोकसमूहांचा परिचय करून देताना त्यांचा पोशाख, अन्न व घरे यांची माहिती सांगून पाठ संपविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे दूरचे लोक म्हणजे काही तरी चमत्कारिक वस्तू आहेत, अशी मुलांची समजूत होण्याचा संभव असतो. लोकसमूहाची ओळख कशामुळे टिकते, ती कशामुळे क्षीण होते आणि ती पुन्हा उभी करण्यासाठी काय करावे लागते, हे प्रश्न पोशाखाहून महत्त्वाचे आहेत. न्यूझीलंडमधील माओरी लोकांचा इतिहास या दृष्टीने शिक्षकांना विशेष उपयुक्त ठरेल. कारण त्यांच्या भाषेचा ऱ्हास होण्यात शाळेचा मोठा वाटा होता, आणि तिच्या पुनरुज्जीवनाचा आरंभही लहान मुलांच्या शिक्षणापासूनच झाला.

१. माओरी कोण?

पॅसिफिक महासागराच्या नैऋत्य भागात न्यूझीलंडची बेटे आहेत. तेराव्या शतकाच्या सुमारास पूर्व पॉलिनेशियातील दर्यावर्दी लोक मोठ्या होड्यांतून, तारे, वारे, लाटा व पक्षी यांच्या आधाराने मार्ग शोधीत या बेटांवर पोहोचले. त्यांचे वंशज ते माओरी होत. आपल्या देशास ते आओतेआरोआ म्हणतात.

‘माओरी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘सामान्य’, ‘नेहमीचा’ असा आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वी तेथील माणूस स्वतःस आपल्या जमातीच्या नावाने ओळखीत असे. कारण सारेच ‘नेहमीचे’ होते, त्यांना वेगळ्या सामाईक नावाची आवश्यकताच नव्हती. गोरे लोक आल्यावर त्यांच्याहून भिन्न असे आपण, या अर्थी हा शब्द सर्वांचे नाव बनला. लोकसमूहाची ओळख पुष्कळदा दुसऱ्याशी संबंध आल्यावर स्पष्ट होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

२. ओळख सांगण्याची रीत

माओरी मनुष्य सभेत स्वतःची ओळख देताना प्रथम आपल्या पर्वताचे नाव सांगतो, मग नदीचे, नंतर ज्या होडीतून पूर्वज आले त्या होडीचे व जमातीचे. स्वतःचे नाव तो बहुधा अखेरीस उच्चारतो. या परिचयास ‘पेपेहा’ म्हणतात. महाराष्ट्रात संकल्प सोडताना देश, काल व गोत्र यांचा उच्चार प्रथम होतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या रीतीमागील भाव समजण्यास कठीण जाणार नाही. व्यक्ती ही भूमीशी व पूर्वजांशी बांधलेली आहे, हाच तो भाव होय.

पूर्वजांच्या परंपरेस ‘फाकापापा’ असा शब्द आहे. जमातीचे एकत्र येण्याचे पवित्र आवार म्हणजे ‘मराए’. तेथील सभागृह कोरीव काष्ठशिल्पांनी मंडित असते आणि सबंध इमारत ही एका पूर्वजाचे शरीर मानली जाते : आढे हा त्याचा कणा, आतील वासे या फासळ्या आणि पुढील उतरत्या फळ्या हे पसरलेले बाहू. पाहुणा आला म्हणजे विधिपूर्वक भाषणे व गीते होतात आणि नाकास नाक लावून स्वागत केले जाते. ही भाषणे व गीते माओरी भाषेतच होत असल्यामुळे भाषा गेली तर सभागृहाची भिंत उभी राहील, पण तिच्यात बोलणारा कोणी उरणार नाही, ही चिंता तेथील वडीलधाऱ्यांस पुढे भेडसावू लागली.

३. करार व त्यातील शब्द

६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता व माओरी प्रमुख यांच्यामध्ये करार झाला. त्याच्या प्रती नंतर देशभर फिरविण्यात आल्या व एकंदर पाचशेहून अधिक प्रमुखांनी त्यांवर स्वाक्षऱ्या केल्या. त्यांतील बहुतेकांनी माओरी मसुद्यावर सही केली. इंग्रजी मसुद्यात प्रमुखांनी सार्वभौमत्व राणीस दिले असे म्हटले होते. माओरी मसुद्यात मात्र त्या जागी राज्यकारभार या अर्थाचा सौम्य शब्द होता, आणि आपली भूमी, गावे व सर्व ‘ताओंगा’, म्हणजे मौल्यवान ठेवी, यांवर प्रमुखांचा पूर्ण अधिकार राहील असे अभिवचन होते. एका शब्दाच्या भाषांतरावरून निर्माण झालेला हा वाद दीर्घकाळ चालला. पुढे याच ‘ताओंगा’ शब्दाने भाषेच्या रक्षणास आधार दिला.

४. शाळेने काय केले?

आरंभीच्या मिशनरी शाळा माओरी भाषेतूनच शिकवीत. अशी पहिली शाळा १८१६ मध्ये उघडली. पुढील काही दशकांत लेखन-वाचनाची कला माओरी लोकांत वेगाने पसरली. १८६७ च्या देशी शाळा कायद्याने परिस्थिती पालटली. गावाने जमीन द्यावी, खर्चाचा काही भाग उचलावा आणि शिक्षण शक्य तितके इंग्रजीतून व्हावे, असे त्या कायद्याचे धोरण होते. कालांतराने अनेक शाळांत माओरी बोलणाऱ्या मुलांस शिक्षा होऊ लागली. आवारात आपल्या आईची भाषा उच्चारल्याबद्दल छडी खाल्ल्याच्या आठवणी वृद्ध माओरींनी पुढे वेळोवेळी सांगितल्या आहेत.

हा दोष एकट्या सरकारचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. मुलांना इंग्रजी यावे, ही अनेक माओरी पालकांचीही इच्छा होती. नव्या राज्यात व्यापार, नोकरी व न्याय मिळविण्यास ती भाषा आवश्यक होती. मुलांना घरी माओरी मिळणारच आहे, तेव्हा शाळेने इंग्रजी द्यावे, असा त्यांचा हिशेब होता. माओरी नेते व संसदपटू आपिराना ङाता यांनीही आरंभी इंग्रजी शिक्षणावर भर दिला. त्याचबरोबर माओरी गीते व कलाविद्या यांचे जतनही त्यांनी निष्ठेने केले. रोटोरुआ येथील माओरी कलाशाळेच्या स्थापनेमागे त्यांचीच प्रेरणा होती.

घरात भाषा टिकून राहील, हा हिशेब जोवर माओरी लोक आपापल्या खेड्यांत एकत्र राहत होते तोवर बरोबर ठरला. १९४५ मध्ये नगरांत राहणारे माओरी सुमारे २६ टक्के होते. १९६६ मध्ये ते प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर गेले. नगरातील घरे इंग्रजी बोलणाऱ्या शेजारात होती. ज्या पिढीने शाळेत शिक्षा भोगली होती, ती आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलू लागली. आपणांस झालेला त्रास लेकरांस होऊ नये, हाच त्यामागील हेतू. परिणाम मात्र विपरीत झाला. १९१३ मध्ये माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले आपली भाषा बोलत. १९७५ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले. आजोबा व नातू एका घरात राहत. परंतु आजोबांची गोष्ट नातवास कळेनाशी झाली.

५. घरट्याची कल्पना

१४ सप्टेंबर १९७२ रोजी तरुण माओरींनी तीस हजारांहून अधिक स्वाक्षऱ्यांचा अर्ज संसदेस सादर केला. शाळांत माओरी भाषा शिकविली जावी, एवढीच त्यांची मागणी होती. १९७५ मध्ये फिना कूपर या जवळजवळ ऐंशी वर्षांच्या वृद्धेच्या नेतृत्वाखाली भूमीच्या हक्कासाठी देशाच्या उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत पदयात्रा निघाली. त्याच वर्षी वाइतांगी कराराच्या भंगाविषयीच्या तक्रारी ऐकण्यासाठी न्यायाधिकरण स्थापन झाले.

भाषेच्या प्रश्नावर उपाय शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. भाषा जाणणारी पिढी आजी-आजोबांची होती. आईबापांची पिढी ती विसरली होती. तेव्हा मधली पिढी शिकेपर्यंत थांबावयाचे, की आजी व नातवंडे यांची सरळ गाठ घालून द्यावयाची? माओरींनी दुसरा मार्ग पत्करला. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळील वाइनुइओमाता येथे पहिले ‘कोहांगा रेओ’ उघडले. या नावाचा अर्थ ‘भाषेचे घरटे’ असा आहे. शाळेत जाण्याच्या वयाखालील मुले तेथे दिवसभर वृद्ध स्त्रीपुरुषांच्या सहवासात राहतात. खाणे, खेळणे, गाणे, निजणे हे सर्व व्यवहार माओरीतच चालतात. तेथे व्याकरणाचा तास नसतो. मूल घरी ज्या रीतीने भाषा शिकते, तीच रीत येथे योजिली आहे. घरट्याचा कारभार मुलांचे विस्तारित कुटुंब पाहते. त्यामुळे आईबापही मुलांबरोबर शिकू लागतात.

ही चळवळ वेगाने पसरली. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशी घरटी सुमारे ८०० झाली व त्यांत सुमारे १४,००० मुले होती. घरट्यातून बाहेर पडलेली मुले इंग्रजी शाळेत गेली की भाषा विसरू लागत. यास्तव १९८५ मध्ये ऑकलंडच्या पश्चिम भागातील एका मराएवर माओरी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू करण्यात आली. अशा शाळांना १९८९ च्या शिक्षण कायद्याने मान्यता दिली.

दरम्यान भाषा ही करारातील ‘ताओंगा’ आहे व तिचे रक्षण करणे राज्यसत्तेचे कर्तव्य आहे, असा निर्णय न्यायाधिकरणाने १९८६ मध्ये दिला. १९८७ च्या कायद्याने माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. २००४ मध्ये माओरी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले.

६. फलित आणि मर्यादा

२०२३ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख ८७ हजार लोकांनी आपण माओरी असल्याचे नोंदविले. माओरीतून संभाषण करू शकणारे, माओरी व इतर मिळून, सुमारे २ लाख १३ हजार होते. ज्या भाषेचा अंत जवळ आला असे वाटत होते, तिच्या दृष्टीने हे यश मोठे आहे. तथापि कार्य पुरे झाले असे म्हणवत नाही; बहुसंख्य माओरींस आजही आपली भाषा बोलता येत नाही, आणि आरंभीच्या जोमानंतर घरट्यांची संख्याही घटली. एका पिढीत गमावलेली वस्तू परत मिळविण्यास अनेक पिढ्या लागतात.

येथे ओळखीच्या व्याख्येविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी न्यूझीलंडचे कायदे माणसात माओरी रक्ताचा अंश किती, याचे मोजमाप करीत. १९७४ च्या दुरुस्तीने माओरी पूर्वजांचा कोणताही वंशज माओरी ठरू शकेल असे मान्य केले. अपूर्णांकांनी ओळख मोजण्याची पद्धत तेथून मागे पडली. आज तेथील नागरिकास जनगणनेत एकाहून अधिक समूहांचे नाव लिहिता येते. एका ओळखीसाठी दुसरी टाकून द्यावी लागत नाही, हा विचार मुलांच्या मनावर ठसविण्याजोगा आहे.

७. महाराष्ट्रातील शाळांपुरता बोध

महाराष्ट्रात मराठी हीच सर्व मुलांची घरची भाषा नाही. नंदुरबारच्या डोंगरांत भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, यवतमाळकडे कोलामी बोलली जाते. यांतील गोंडी व कोलामी द्राविड कुळातील, कोरकू मुंडा कुळातील आणि भिली मराठीप्रमाणेच आर्य कुळातील आहे. या घरांतून पहिलीत आलेल्या मुलास शिक्षकाचे बोलणे कळले नाही, तर ते मूल मंद आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होय. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न व्हावा, असे भारतीय संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदात सांगितले आहे. हा अनुच्छेद १९५६ मध्ये समाविष्ट झाला.

मराठी उत्तम येणे या मुलांच्या हिताचेच आहे, याविषयी दुमत नाही. माओरी पालकांचा इंग्रजीचा आग्रहही चुकीचा नव्हता. नवी भाषा देताना जुनी हिरावून घेतली गेली, येथे चूक झाली.

शिक्षकांसाठी सूचना

१. पहिलीच्या मुलांच्या घरच्या भाषेतील नित्याचे पन्नास शब्द शिक्षकाने वहीत लिहून घ्यावेत व वर्गात निःसंकोच वापरावेत.

२. महिन्यातून एकदा गावातील वृद्ध स्त्री अथवा पुरुष यांस शाळेत सन्मानाने बोलवावे. त्यांनी आपल्या भाषेत गोष्ट सांगावी. मोठ्या वर्गातील मुलांनी तिचा मराठीत अनुवाद करावा.

३. घरची भाषा बोलल्याबद्दल कोणत्याही मुलास शिक्षा अथवा उपहास होऊ नये. इतर मुले हसत असतील तर शिक्षकाने स्वतः ते शब्द उच्चारून दाखवावेत.

४. प्रत्येक मुलास आपला डोंगर, नदी वा ओढा, गाव व घराणे यांची नावे सांगून शेवटी स्वतःचे नाव सांगण्यास लावावे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांनी मूळ गाव व सध्याचे गाव, दोन्ही सांगावीत.

प्रश्न

१. ‘माओरी’ या शब्दाचा अर्थ काय? तो सर्व जमातींचे नाव केव्हा व का झाला?

२. वाइतांगी कराराच्या दोन मसुद्यांत कोणता फरक होता?

३. शाळेत इंग्रजी व घरी माओरी, ही व्यवस्था पुढे का टिकली नाही?

४. ‘भाषेचे घरटे’ या योजनेत आजी-आजोबांस महत्त्वाचे स्थान का देण्यात आले?

५. तुमच्या गावात किती भाषा बोलल्या जातात? प्रत्येक भाषेत ‘पाणी’, ‘आई’ व ‘घर’ यांस काय म्हणतात, ते विचारून तक्ता तयार करा. हा तक्ता वर्षभर वर्गाच्या भिंतीवर राहू द्यावा.