आधी गाईडची जन्मतारीख, मग विषय

चाळीसगाव आणि आसपासचे तरुण प्राध्यापक पीएच.डी.बद्दल विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न पेटचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा असतो. पुस्तक कोणतं घेऊ, पेपर कसा निघतो, मुलाखतीत काय विचारतात. मी मेकॅनिकलचा. नोकरी सांभाळून, अर्धवेळ नोंदणीवर डॉक्टरेट केली. मी त्यांना उलटा प्रश्न टाकतो: पेट होईल रे, तुझ्या गाईडची जन्मतारीख काय? बहुतेकांना ती ठाऊक नसते.

पेटचं एकदाचं सांगून टाकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमांप्रमाणे निम्मा पेपर संशोधनपद्धतीवर आणि निम्मा तुमच्या विषयावर. 50 टक्क्यांना पास, राखीव आणि आर्थिक दुर्बल गटांना 5 टक्क्यांची सूट. पुढे लेखीला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. आपली मंडळी थर्मल, मशीन डिझाइन घोकत बसतात आणि नमुना निवड, गृहीतकाची चाचणी असलं काही वाचतच नाहीत; नापास होतात ते तिथे. गेट उत्तीर्ण असाल तर मुलाखतीवरही प्रवेश मिळू शकतो आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. एम.ई.ला 55 टक्के लागतात. चार वर्षांच्या बी.ई.ला 75 टक्के असतील तर एम.ई.शिवायही दार उघडं आहे.

आता गाईड. माझी नोंदणी 2016 च्या नियमांखाली झाली. सर अभ्यासू, फोन उचलणारे, चुका लाल पेनाने दाखवणारे. तक्रारीला जागाच नव्हती. प्रयोग अर्ध्यावर असताना ते निवृत्त झाले आणि माझी फाइल अधांतरी लोंबकळू लागली. नवा गाईड मिळवायचा तर जागा रिकामी हवी. नियमाने प्रोफेसरकडे 8, असोसिएट प्रोफेसरकडे 6 आणि असिस्टंट प्रोफेसरकडे 4 विद्यार्थी, त्याहून जास्त नाहीत. खानदेशात एकेका शाखेत मान्यताप्राप्त गाईड मोजके, त्यातही तुमच्या विषयातले आणि जागा असलेले आणखी मोजके. ते सापडले तरी बदलाचा अर्ज संशोधन व मान्यता समितीपुढे जायला हवा. आपण तिला आरआरसी म्हणतो. ती काही दर महिन्याला बसत नाही. शिवाय नवे सर आले की त्यांना प्रकरणांची मांडणी वेगळी हवी असते, आणि ते त्यांच्या जागी बरोबरच असतात. घरी आई दर दिवाळीला विचारायची, "आखो कितला वरीस लागतीन भाऊ?" तिला आरआरसी काय समजावून सांगणार?

2022 च्या नियमांनी यावर थोडा उपाय केला आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर गाईडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी घेतलेल्यांना ते निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतर सहमार्गदर्शक म्हणून, वयाच्या सत्तरीपर्यंत, मार्गदर्शन करू शकतात. पण गणित करून बघा. अर्धवेळ नोंदणीवर तीन वर्षांत अभियांत्रिकीचा प्रबंध पुरा झालेला मी तरी पाहिलेला नाही. निवृत्तीला किमान सहा वर्षं असलेले गाईड शोधा, किंवा पहिल्या दिवसापासून वयाने लहान असलेले सहमार्गदर्शक कागदावर घ्या. वय विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. तर मग कॉलेजच्या ऑफिसात विचारा.

आणखी एक गोष्ट खानदेशापुरती. जळगावचं विद्यापीठ 1990 चं, आता कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. पण इकडची बरीच अभियांत्रिकी कॉलेजं अलीकडे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली आहेत. गाईडना मान्यता कोणत्या विद्यापीठाची आणि आजही चालू आहे का, हे मान्यतापत्र हातात घेऊन बघा. तुमच्या संस्थेचं ना-हरकत पत्रही त्याच आठवड्यात काढा. अर्धवेळवाल्याला ते सक्तीचं आहे आणि त्यात कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास रजा देऊ, असं लिहिलेलं असावं लागतं. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता आलीच, आणि 55 टक्के मिळायला हवेत. ते अवघड नाही. सुट्टी मिळणं अवघड असतं.

विषयाचं म्हणाल तर माझा विषय पऱ्हाटीचा. कपाशीचं पीक निघाल्यावर उरलेल्या झाडांच्या विटा दाबून बॉयलरला जाळण कसं करता येईल, हे बघायचं होतं. कच्चा माल दाराशी, म्हणून खूश होतो. पण पऱ्हाटी शेतातून निघते हिवाळ्यात. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड, म्हणजे हंगामानंतरही उभं पीक, ठेवू नका असं कृषी खातं सांगतं, त्यामुळे शहाणा शेतकरी लवकरच शेत मोकळं करतो. तेवढ्या दिवसांत नमुने गोळा झाले नाहीत, ओलावा मोजला गेला नाही, की पुढचा हंगाम येईपर्यंत थांबा. इकडे नोंदणीपासूनची सहा वर्षांची मुदत धावतच असते. फेरनोंदणीने दोन वर्षं वाढून मिळतात, महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. शेतीशी, पावसाशी, धरणाशी जोडलेला विषय घेणाऱ्याने वर्षं न मोजता हंगाम मोजावेत. माझ्यासारख्याला खरं तर चारच हंगाम हाताशी होते, बाकीचे कागदात गेले.

उपकरणाचंही तसंच. उष्मांक मोजायला बाँब कॅलरीमीटर लागतो. तो तुमच्या विभागाच्या जडसंग्रह नोंदवहीत असतो, म्हणजे चालू असतोच असं नाही. विषय ठरवण्याआधी यंत्र सुरू करून बघा. बेंझोइक आम्ल जाळून ते तपासायचं असतं. ती नोंद तारखेसह वहीत ठेवा. भुसावळकडच्या गाडीत पाचोऱ्यापर्यंत उभं राहून मी हे वही लिहिण्याचं काम केलं आहे. अक्षर वाकडं आलं, पण पुढे कामाला आलं.

पेपर छापण्याबद्दल माझं मत कडू आहे. 2016 च्या नियमात प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि परिषदेत दोन सादरीकरणं सक्तीची होती. 2022 मध्ये आयोगाने ती सक्ती काढली, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती वाचा. आयोगाने 2025 मध्ये नियतकालिकांची केअर यादीही बंद केली, म्हणजे नियतकालिक खरं की खोटं हे आता तुम्ही आणि तुमच्या संस्थेने ठरवायचं. पैसे भरा, चार दिवसांत छापतो, असा व्हॉट्सॲप निरोप आला की समजून जा. तिथे छापलेला निबंध परीक्षकाच्या हाती पडला तर बाकीच्या प्रकरणांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. लोक तिथे उरकाउरकी करतात. करू नका, कारण शेवटच्या तोंडी परीक्षेची तालीम हीच. आयआयटी मुंबईत दरवर्षीचं प्रगती सादरीकरण असतं, अमेरिकेत क्वालिफायर असते. आपल्याकडे त्या जागी हीच बैठक आहे. तिचा सही झालेला अहवाल त्याच दिवशी घ्या. माझा गाईड बदलताना या अहवालांनीच मला तारलं, नाहीतर केलेलं काम केलं होतं हेच सिद्ध करत बसलो असतो.

प्रबंध सादर करताना दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य 10 टक्क्यांच्या आत हवं. आयोगाच्या 2018 च्या नियमाने त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचा, 60 च्या पुढे नोंदणीच रद्द. मग किमान दोन बाहेरचे परीक्षक आणि खुली मौखिक. मला पऱ्हाटीच्या भविष्याबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं ते हे: यंत्र कशाने तपासलं, मोजमापातली अनिश्चितता किती, तो नमुना कोणत्या महिन्यातला. वही उघडून दाखवली.

मौखिक झाली की पेढे वाटून मोकळे होऊ नका. पदवी आयोगाच्या नियमांनुसार दिल्याचं प्रमाणपत्र लगेच मागा आणि प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर गेला का तेही बघा. असोसिएट प्रोफेसर व्हायला एआयसीटीईच्या निकषांत आठ वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यातली दोन पीएच.डी.नंतरची. ती दोन वर्षं कोणत्या तारखेपासून धरायची यावर वाद होतात, म्हणून निकालाच्या अधिसूचनेची साक्षांकित प्रत सेवापुस्तकात लावून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.